मदत हवी आहे: वाचनालयाची जुन्या फॉन्टातली यादी युनिकोडमध्ये आणून छापायची आहे, कुठली लायब्ररी वापरू?

नमस्कार मंडळी,

वाचनालयासाठी लायब्ररी (म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) शोधतोय. (हा विनोद घरी दोनदा करून झालाय, इथे नको.)

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, ‘ब’ वर्गातलं. पुस्तकांची दाखल नोंद आणि सभासदांची यादी ग्रंथपाल काकांनी वर्षानुवर्षं एक्सेलमध्ये ठेवली आहे, तीही सगळी श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. साधारण नऊ हजार पुस्तकं, साडेसहाशे सभासद. तो फॉन्ट ज्या एकमेव संगणकावर आहे तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. दिवाळीला घरी गेलो होतो, ‘तू कंपनीत कॉम्प्युटरचंच करतोस ना’ म्हणून काम गळ्यात पडलं. मी पोटासाठी जावा लिहितो, पायथन हौसेपुरतं.

यादी युनिकोडमध्ये आणायची, काकांना हव्या त्या क्रमाने लावायची, नाव टाकून शोधता आलं पाहिजे आणि वर्गणीची पावती पीडीएफमध्ये निघाली पाहिजे. बस एवढंच. वाटलं होतं शनिवार-रविवारचं काम आहे. आज पाचवा रविवार.

गुगलून दोन प्रकार हाती लागतात. एक म्हणजे ‘इथे चिकटवा, बटण दाबा’ छापाची संकेतस्थळं. सभासदांचे पत्ते आणि फोन असलेली यादी तिथे चिकटवायला मन होत नाही. दुसरं म्हणजे गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ते संकेतस्थळ) वर्षानुवर्षं कुणाचा हात न लागलेला कोड. चॅटबॉटला विचारलं तर त्याने छातीठोकपणे एका पॅकेजचं नाव सांगितलं, वापरायचा नमुनाही लिहून दिला. पिपला (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) विचारलं तर असं पॅकेज जगात नाही.

पीडीएफचं तर विचारूच नका. पिपने ‘एफपीडीएफ’ हे पीडीएफ बनवणारं पॅकेज घेतलं, नोटो सान्स देवनागरी फॉन्ट दिला. ‘विद्यार्थी’ छापलं तर वेलांटी व च्या उजवीकडे, द चा पाय मोडलेला आणि य त्याच्यापासून फटकून, रफार डोक्यावर जायच्या ऐवजी र् होऊन रांगेत उभा. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘हे पहिलीतल्या पोराने लिहिलंय का रे?’

क्रमाची गंमत वेगळीच. चाचणीसाठी पन्नास नावं हाताने युनिकोडमध्ये टाकली आणि साधं सॉर्ट केलं. गावातले सगळे वकील यादीच्या तळाशी! कारण ‘ॲड.’ मधला ॲ युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी आकड्यांच्याही पुढे बसवलाय. क्षीरसागर क च्या शेपटाला, आणि काळे आले काशीकरांच्या आधी. काकांच्या वहीत वर्णमालेप्रमाणे ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर येतात, आणि तिथे तडजोड नाही.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा: या कामांसाठी नक्की काय वापरता? आणि हजार पर्यायांतून भरवशाचं कुठलं हे ओळखता कसं? विंडोज दहाचा एक संगणक आहे, इंटरनेट बेभरवशाचं, बजेट शून्य.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

अहो, तुम्ही चुकीचं पॅकेज घेतलंय. ‘एफपीडीएफ’ ही जुनी लायब्ररी, २०१५ नंतर तिची नवी आवृत्तीच आली नाही. आज जिवंत आहे ती ‘एफपीडीएफ२’. मेख अशी की कोडमध्ये दोन्ही आयात करताना नाव एकच लिहायचं, ‘एफपीडीएफ’. त्यामुळे माणूस नव्याची कागदपत्रं वाचतो आणि चालवतो जुनी. आधी जुनी काढून टाका. दोन्ही एकत्र ठेवल्या तर आणखी घोळ.

नंतर ‘यूहार्फबझ’ (पायथनमधून हार्फबझ वापरायचं पॅकेज) बसवा आणि कोडमध्ये टेक्स्ट शेपिंग चालू करा, ते आपोआप होत नाही. फॉन्टात नुसते आकार असतात. कुठल्या अक्षरांचं जोडाक्षर करायचं, वेलांटी कुठे सरकवायची, हे त्या फॉन्टातले नियम वाचून ठरवणारा वेगळा कारागीर लागतो, तो म्हणजे हार्फबझ. क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळ्यांच्या पोटात तोच आहे. देवनागरी पीडीएफ करणारी कुठलीही लायब्ररी निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: शेपिंग कोण करतं? उत्तर सापडलं नाही तर पुढे जा.

प्रतिसाद २

चाक पुन्हा कशाला शोधताय? कोहा वापरा. वाचनालयांसाठीच बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडात सुरू झालं, आता जगभर चालतं.

धागाकर्ता

कोहा पाहिलं, उत्तम आहे. पण त्याला लिनक्स सर्व्हर हवा, डेटाबेस हवा, आणि ते सांभाळणारा माणूस हवा. मी वर्षातून दोनदा गावी जातो. काकांना एक्सेल येतं, ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाहीये. शिवाय कोहात भरायची तरी यादी आधी युनिकोडमध्ये यायलाच हवी ना!

प्रतिसाद ३

छापखान्यात उमेदवारी केलीय, म्हणून फॉन्टबद्दल लिहितो.

जुने फॉन्ट अक्षरं साठवत नाहीत, आकार साठवतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि पुढे काना. ‘दुर्गा’ मधला रफार ग च्या नंतर येतो, युनिकोडात मात्र र् हा ग च्या आधी हवा. त्यामुळे नुसतं ‘हे चिन्ह शोधा, ते घाला’ करून भागत नाही. क्रम असा ठेवा: आधी लांबात लांब जोड्या बदला, मग छोट्या. त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या मागे न्या. रफार सर्वांत शेवटी, तो उलट दिशेने अख्खं जोडाक्षर ओलांडून पुढे येतो. ‘मूर्ती’ सारख्या शब्दांनी चाचणी घ्या, कारण कित्येक फॉन्टांत रफार असलेली दीर्घ वेलांटी हा एकच आकार असतो आणि कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर याचा तक्ता करणारा नेमका तोच विसरतो.

आणि गिटहबवरच्या ‘हात न लागलेल्या’ कोडला नाक मुरडू नका. पीडीएफची लायब्ररी दहा वर्षं पडून असेल तर ती सोडा, मान्य. पण फॉन्टाचा तक्ता एकदा बरोबर झाला की झाला. तो फॉन्ट थोडाच बदलणार आहे? तक्ता उचला, बाकीचा कोड स्वतः लिहा. मात्र फॉन्टाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचे तक्तेही वेगळे असू शकतात.

एक धोका: सगळी फाइल सरसकट बदलू नका. इंग्रजी पुस्तकांची नावं एरियलमध्ये असतील तर त्यांचीही भेळ होईल. प्रत्येक खान्याचा फॉन्ट वाचा आणि श्री-लिपी असेल तरच बदला. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारची असेल तर ‘एक्सएलआरडी’ या पायथनच्या लायब्ररीने फॉरमॅटिंगसकट उघडा. एकाच खान्यात दोन फॉन्ट असले तरी कुठल्या अक्षरापासून कुठला, हे ती सांगते.

प्रतिसाद ४

+१. फक्त क्रम आणि शोध याबद्दल.

तुम्ही जावावाले ना? मग पायथनमध्ये का झगडताय! ‘आयसीयू४जे’ ची जार घ्या, भाषेप्रमाणे क्रम लावणारी जावाची लायब्ररी आहे ती. विंडोजवर पायथनसाठीचं आयसीयू बसवणं हा स्वतंत्र रविवारचा कार्यक्रम आहे. मराठी लोकेल (भाषेची निवड) देऊन कोलेटर, म्हणजे क्रम लावणारा, बनवा आणि ॲड., क्षीरसागर, काळे, काशीकर ही चार नावं लावून पाहा. काकांच्या वहीशी जुळलं नाही तर ‘ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ’ असा एका ओळीचा नियम त्यात स्वतः जोडता येतो.

शोधाचा खड्डा तुम्हाला अजून लागलेला नाही, पण लागेल. ‘कुऱ्हाडे’ दोन प्रकारे लिहिता येतं: एक ऱ वापरून, दुसरं साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तंतोतंत सारखं, संगणकाला दोन वेगळी माणसं. ॲ चंही तेच, एक अखंड ॲ आणि दुसरा अ वर चंद्र दिलेला. युनिकोडचं प्रमाणीकरण हे दोन्ही एकत्र आणत नाही, हे दोन बदल हाताने करावे लागतात. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच फंक्शन लावा.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

जुनं ‘एफपीडीएफ’ काढलं, नवं बसवलं, शेपिंग चालू केलं. ‘विद्यार्थी’ एका फटक्यात सरळ उभा राहिला. महिनाभर डोकं आपटलं ते दोन ओळींसाठी.

तक्ता एका जुन्या कोडमधूनच मिळाला. ‘मूर्ती’ ला तो खरंच अडखळला, तसे आणखी अकरा आकार काकांना शेजारी बसवून भरले. खाने फॉन्ट बघूनच बदलले. नऊ हजारांपैकी चाळीसेक नोंदी हाताने दुरुस्त करायच्या राहिल्यात, त्यातल्या बऱ्याच काकांच्या मूळ टायपिंगच्याच चुका निघाल्या, पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

क्रम जावात. नियमाची ओळ जोडली, वकील वर आले, क्षीरसागर ह च्या पुढे गेले. आणि चाचणीच्या पन्नास नावांत कुऱ्हाडे खरोखरच दोन प्रकारचे निघाले. एक मी लॅपटॉपवर टाइप केलेला, एक भाच्याने मोबाइलवर.

आता एकच अडलंय. पावतीवर ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वळणाचे येताहेत. काका म्हणतात, पावती परप्रांतातून आल्यासारखी वाटते. शेपिंगला भाषा मराठी सांगितली, फरक शून्य. बहुधा वाचनालयाच्या संगणकावरच्या फॉन्ट फाइलमध्ये मराठी वळणाचे आकारच नसावेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ लावला तर आकार हवे तसे येतात, पण तो पुस्तकी थाटाचा आहे आणि पावतीच्या आठ पॉइंटात फार नाजूक दिसतो. मराठी श-ल असलेला, जरा जाड, लहान आकारात वाचता येईल असा फुकट फॉन्ट कुणी पावती किंवा बिलासाठी प्रत्यक्ष वापरलाय का?