चाई आनुवंशिक असते का? बहिणीच्या सोयरिकीत हा प्रश्न निघाला आहे

चोपडेकर
माझ्या धाकट्या बहिणीला चोविसाव्या वर्षी डोक्याच्या मागच्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढी चाई पडली. वेणी घालताना आईच्या बोटाला गुळगुळीत कातडी लागली, तेव्हा ती लक्षात आली. जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चट्ट्यात इंजेक्शने दिली आणि पाच महिन्यांत केस परत आले. आता धुळ्याकडचे एक स्थळ आले आहे. आम्ही काही न लपवता हे सांगितले, तेव्हा मुलाच्या काकांनी विचारले की हे रक्तातले आहे काय आणि पुढे मुलाबाळांना होईल काय. आमच्या आईला थायरॉइड आहे, मोठ्या मावशीच्या हातांवर कोड आहे. चाई मात्र घराण्यात कोणालाच नव्हती. जनुकीय चाचणी करून खात्रीचे उत्तर मिळेल काय?

अमळनेरचा जीवशास्त्र शिक्षक
चाचणीने खात्री मिळणार नाही. कारण चाई एका जनुकाने ठरत नाही. वाढत्या केसाचे मूळ एरवी शरीराच्या पहारेकरी पेशींच्या नजरेआड राहते. चाईत हा आडोसा जातो आणि त्या पेशी मुळाभोवती गोळा होऊन त्याचे काम बंद पाडतात. मूळ मरत नाही, म्हणूनच आपल्या ताईंचे केस परत आले. 2010 साली कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला ख्रिस्तियानो यांच्या गटाने (त्यांना स्वतःलाही हा आजार झालेला आहे) एक हजाराहून अधिक रुग्णांचे जनुकसंच निरोगी माणसांच्या संचांशी ताडून पाहिले. त्यात सहाव्या गुणसूत्रावरची यूएलबीपी जनुके सापडली, जी मुळावर जणू धोक्याची खूण उमटवून मारक पेशींना बोलावतात. प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए आणि सीटीएलए-4 ही जनुकेही त्यात होती, आणि त्यांचा संबंध लहानपणीचा मधुमेह, आमवात अशा इतर स्वप्रतिकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा) आजारांशीही आहे. त्यामुळे आपल्या आईंचे थायरॉइड (ते स्वप्रतिकार प्रकारचे असल्यास) आणि मावशींचे कोड यांना चाईचे लांबचे नातेवाईक समजावे. घराण्यात चाई नव्हती म्हणून तिकडचा वारसा शून्य, असे म्हणता येत नाही.

मात्र जनुके हुबेहूब सारखी असलेल्या जुळ्यांतही, एकाला चाई असताना दुसऱ्याला ती सुमारे निम्म्या जोड्यांतच आढळते. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 42 आणि 55 टक्के आले आहे. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात कधीतरी चाई होण्याची शक्यता सुमारे 2 टक्के, तर रुग्णाच्या अपत्याला ती साधारण 6 टक्के धरतात. काकांना हाच आकडा उलटा करून सांगावा, म्हणजे शंभरांतल्या चौऱ्याण्णव मुलांना ती होत नाही.

शहाद्याची एक आई
मला लग्नानंतर दोन वर्षांनी चाई पडली, तेव्हा आजेसासूबाई म्हणाल्या की उंदरी लागली आहे, बिब्बा लावा. बिब्ब्याने कातडी भाजून फोड आले. पुढे चाईचे केस आपोआप आले. बिब्ब्याचा डाग राहिला तिथे मात्र आजही केस नाही. दोन्ही मुले आता चौदा आणि अकरा वर्षांची आहेत, त्यांना काही नाही. दादा, आपण सोयरिकीत हे उघड सांगितले, ते मला फार बरे वाटले. आमच्याकडे तर माझ्या सासरी दोन पिढ्या टोपी आणि पदराखाली झाकत आल्या होत्या, हे मला माझा चट्टा दिसल्यावर कळले.

भुसावळचा एक डॉक्टर
वारशापेक्षा आजाराच्या स्वरूपाकडे पाहावे. चाई अगदी लहानपणी सुरू झालेली असणे, कानामागून मानेवर पट्ट्यासारखी पसरणे, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असणे किंवा सोबत त्वचेची ॲलर्जी असणे, ही चिवट आजाराची चिन्हे आहेत. एकच लहान चट्टा असलेल्यांपैकी पुष्कळांचे केस वर्षभरात येतात. ती पुन्हा पडू शकते, हेही सांगून ठेवावे. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्यावे, जनुकांच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत. केसांच्या मुळावर हल्ला करणाऱ्या पेशींचे निरोप पोहोचवणारा मार्ग अडवणारी बॅरिसिटिनिबची गोळी अमेरिकेत 2022 साली प्रौढांतील तीव्र चाईसाठी मान्य झाली, पण ती एका चट्ट्यासाठी नाही. आणि लहान मुलांच्या डोक्यातल्या प्रत्येक चट्ट्याला चाई समजू नये; कातडीवर कोंडा सुटत असेल आणि केस मध्येच तुटलेले असतील, तर आधी गजकर्ण आहे का ते पाहावे लागते.

चोपडेकर
सर्वांचे आभार. बहिणीची नखे खिडकीपाशी उजेडात नीट पाहिली, खड्डे नाहीत. टीएसएचसाठी सोमवारी रक्त देणार आहोत. काकांना फोनवर सहा टक्क्यांचा हिशोब सांगितला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले की मुलाच्या आईलाही सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यावी लागते, हे त्यांनीच आम्हाला सांगायचे राहून गेले होते.