गाडी तापली की मधातच बंद पडते, वीस मिनिटानं आपोआप चालू होते, काय असन?

संत्रावाला_वरुड

राम राम मंडळी. माह्याजवळ २०१६ चा डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल इंजिन (म्हणजे एकाच पाइपातून सगळ्या नोझलले जोराच्या दाबानं डिझेल जाते ते), बीएस-४, १ लाख ८७ हजार किलोमीटर झाले. घरचा अन् शेजारच्या दोन वाडीवाल्यायचा संत्रा भरून काटोलवरून नागपूरले कळमन्याच्या मार्केटात नेतो. वीस-बावीस दिवस झाले, गाडी मधातच बंद पडून रायली. सकाळी थंडी असताना एका सेलमधे चालू होते, गावात रिकामी फिरवा काहीच नाई, पण माल भरून ४०-४५ किलोमीटर गेलो अन् गाडी चांगली तापली की कुठंबी बंद पडते, चढच पायजे असंबी नाई, एकदा तं सपाट रोडवर बंद पडली होती. मंग सेल मारा तं सेल जोरात फिरते, बॅटरी चांगली आहे, पण इंजिन पकडतच नाई. पंधरा-वीस मिनिटं बोनट उघडून उभं रायलं की एका सेलमधे चालू, जसं काही झालंच नाई.

डिझेल फिल्टर दोन वेळा नवा टाकला, त्यातलं पाणी काढलं, बॅटरीचे टर्मिनल घासून पक्के केले. मिस्त्रीनं छोटा स्कॅनर लावून पाह्यला तं बिघाडाचा कोडच नाई आला, चेक लाईटबी लागत नाई. आता तो म्हणते पंप अन् चारही नोझल उतरवून नागपूरले पाठवा लागन, तीस-पस्तीस हजार धरून चाला. दिवाळीत क्लच प्लेट टाकली, तेवढं सोडलं तं कोणी खाली हात लावला नाई.

मागच्या मंगळवारी दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी मागून भरलेला ट्रक होता, बाजूले बाबा बसले होते, हात थरथरत होते माहे. मार्केटात पोचलो तं बोली होऊन गेलती, ६२ कॅरेट मृग बहाराचा माल उरल्यासुरल्या भावात द्या लागला. पैसे लावाले मी तयार आहो पण आंधळेपणानं नाई. कोणाले असा अनुभव असन तं सांगजा.

दूधगाडी_आर्वी

दादा, पंप उतरवायच्या आधी टाकीचं झाकण पहा. माझ्या दुधाच्या गाडीचं अगदी असंच व्हायचं, तापल्यावर बंद अन् थोडं थांबलं की चालू, आम्हीबी फिल्टर बदलून बदलून थकलो होतो. झाकणाला हवा जायला बारीक भोक असते, ते पांदणीच्या धुळीनं बुजलं होतं. डिझेल कमी होत जाते पण हवा आत येत नाही, मग टाकीत ओढ तयार होते अन् पंपाला डिझेल येईनासं होते, उभं राहिलं की हळूहळू हवा शिरते म्हणून चालू होते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडायचं, सूंऽऽ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला की समजून जा. आमच्या टाकीतल्या जाळीवर पन्नीचा एक तुकडाही निघाला, तळहाताएवढा, चालू असताना जाळीला चिकटायचा अन् बंद केलं की खाली बसायचा. कोणी पाह्यलं असतं तर म्हटलं असतं गाडीत भूत आहे.

फक्त एक फरक आहे. आमची गाडी बंद पडायच्या आधी दम सोडायची, झटके द्यायची, रेस दाबली तरी उचलायची नाही. तुमची तशी करते का ते तुम्ही लिहिलं नाही.

घाटलाईन_परतवाडा

ताईनं बरोबर विचारलं. मी मेळघाटात सेमाडोह-धारणी लाईनवर गाडी चालवतो, त्याच्यामुळं पहिले एक गोष्ट सांगतो मंग बाकीचं. गाडी चालत्यात बंद पडली तं क्लच दाबू नको अन् न्यूट्रल करू नको. गिअरमधे राहिली तं चाकं इंजिनले फिरवत राहते, म्हणजे ब्रेकचा व्हॅक्यूम पंपबी फिरते अन् स्टेअरिंगचा पंपबी, दोन्ही हलके राहते. क्लच दाबला की इंजिन थांबलं, मंग एक-दोन पॅडलनंतर ब्रेक दगडासारखा होते अन् स्टेअरिंगले दोन माणसाचा जोर लागते. इंडिकेटर देऊन गिअरमधेच बाजूले घे, थांबता थांबता क्लच दाब. चावी पूर्ण मागं करजो नको, स्टेअरिंग लॉक होऊ शकते. अन् हे सापडेपर्यंत बाबाले बाजूले बसवून पूर्ण लोड नेऊ नको भाऊ, दोन चकरा दुसऱ्याच्या गाडीनं मार.

आता डिझेलचं. फिल्टरजवळ हातानं दाबाचा प्रायमर असते, बंद पडली की लगेच तो दाबून पाय. नरम पडला, फसफस करते, म्हणजे लाईन कुठून तरी हवा घेऊन रायली, बँजो बोल्टचे, म्हणजे डिझेल लाईन जोडाच्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर पाय. पिचकून चपटा झाला असन तं मागून डिझेल येत नाई, टाकी नाई तं जाळी. अन् टणक असन तं तुह्यं डिझेल फिल्टरपर्यंत बरोबर येऊन रायलं, तिकडे वेळ घालवू नको.

वायरमन_अकोला

संत्रावाले भाऊ, तुमच्या सगळ्या लिहिण्यात मले एकच वाक्य खटकलं, दिवाळीत क्लच प्लेट टाकली. त्याच्यावर येतो.

तापल्यावर बंद अन् थंड झाल्यावर चालू हे झाकणामुळंबी होते अन् क्रँक सेन्सरमुळंबी (इंजिन फिरते का ते गाडीच्या संगणकाले सांगणारा सेन्सर) होते, बाहेरून दोन्ही सारखंच दिसते, म्हणूनच लोकं पंपाचे पैसे भरून बसते. फरक कळते बंद पडताना. पुढच्या वेळी आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. डिझेलचा प्रॉब्लेम असन तं गाडी आधी गळाठते, झटके देते अन् काटा गाडीच्या वेगासंगं हळूहळू उतरते, कारण चाकं इंजिनले फिरवत असते. पण गाडी गिअरमधे ६० नं चालून रायली अन् काटा एका झटक्यात शून्यावर पडला, जसा कोणी स्विच बंद केला, तं इंजिन फिरून रायलं पण संगणकाले ते दिसत नाई. मंग क्रँक सेन्सर, त्याची वायर, नाई तं मेन रिलेतून (संगणकाले करंट देणारा स्विच) सप्लाय जाऊन रायली. दुसरं म्हणजे चालू होत नसताना सेल मारा अन् काटा पाहा. बहुतेक गाड्यांत सेल मारताना काटा दोनशेच्या आसपास थोडा तरी उचलते. जागचा हललाच नाई तं सेन्सरकडं चला. कोड आला नाई म्हणून सेन्सर चांगला असं समजू नका, सिग्नल गेला की संगणकाले वाटते इंजिनच थांबलं, तो काऊन कोड टाकन.

आता क्लच. बऱ्याच डिझेल गाड्यांत हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ बेल हाऊसिंगवर, म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधातल्या क्लचच्या खोक्यावर, बसते. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवा लागते, त्याच्यासाठी सेन्सरचा कनेक्टर काढा लागते. परत बसवताना वायर जुन्या क्लिपमधे अडकवली नाई तं ती लोंबते, सायलेंसरच्या पाइपले नाई तं ब्रॅकेटच्या धारेले टेकते. दिवाळी ते आता म्हणजे थंडीचे दिवस निघून गेले, ऊन लागलं, लोड वाढला, आता प्लास्टिक नरम होऊन रायलं.

गॅरेज_यवतमाळ

इतकं काय पाह्यचं, क्रँक सेन्सर नवीन टाका अन् मोकळे व्हा, पंपापेक्षा किती तरी स्वस्त आहे. माझ्याकडं अशा तीन-चार गाड्या आल्या, सेन्सरनंच नीट झाल्या.

वायरमन_अकोला

सेन्सर खराब राहू शकते, नाई म्हणत नाई. पण वायर जळली असन तं नवीन सेन्सरवरबी तीच गाडी तिथंच बंद पडन. आधी खाली निजून टॉर्चनं वायर पाहाले पैसे लागत नाई. वायर चांगली निघाली तं सेन्सर मोजा, दोन वायरचा असन तं थंड अन् गरम दोन्ही वेळा ओहम पाहा, गरम झाल्यावर खुला, म्हणजे आतली तार तुटल्यासारखा, दाखवला तं तोच चोर. तीन वायरचा असन तं ओहमनं काही कळत नाई, तिथं बंद पडल्यावर ओलं फडकं सेन्सरवर ठेवून पाच मिनिटांत चालू होते का ते पाहा. पाणी ओतू नका, बाजूले सायलेंसर लाल तापला असते.

संत्रावाला_वरुड

उशीर झाला लिहाले, माफी असावी. काल मुद्दाम ३० कॅरेट टाकून लहान भावाले संगं घेऊन काटोलपर्यंत गेलो, बाबाले घरी ठेवलं. त्यानं पूर्ण टाइम मोबाईल काट्यावर धरून शूटिंग केली. ४३ किलोमीटरवर बंद पडली. काटा ठप्प, एकदम शून्य, गाडी तेव्हा चौथ्या गिअरमधे ५०-५५ वर होती. झटका नाई, दम सोडणं नाई. घाटलाईन भाऊ, तुम्ही सांगतल्यासारखं गिअरमधेच बाजूले घेतली, स्टेअरिंग खरंच हलकं रायलं, आतापर्यंत मी घाबरून पहिले क्लचच दाबत होतो.

झाकण उघडलं, आवाज नाई. प्रायमर टणक. सेल मारला, काटा हललाच नाई. म्हणजे ताई, तुमचं झाकण नाई निघालं, पण भोक पाह्यलं तं तेबी अर्धं बुजलंच होतं, ते सुईनं मोकळं केलं.

आता खालून टॉर्च लावून वायर पाहतो.

संत्रावाला_वरुड

सापडलं!!!

वायरमन भाऊ, तुम्ही अकोल्यात बसून सांगतलं तसंच्या तसं. बेल हाऊसिंगच्या वर वायर धराची क्लिप आहे, ते रिकामी, तिच्यात धूळ भरली होती. वायर खाली लोंबून सायलेंसरच्या पाइपच्या पत्र्याले टेकली होती. वरचा काळा पाइप वितळून पत्र्यावर डांबरासारखा चिकटला होता, आतल्या दोन वायरींपैकी एकीचं कातडं बोटाच्या एका पेराएवढं निघालेलं, तांबं उघडं, अन् पत्र्यावर बरोबर त्याच जागी बारीक काळे ठिपके. थंड असताना वायर पत्र्यापासून केसभर सुटून राहते, मी हातानं थोडी दाबली तं लगेच टेकली. पाच मिनिटं नुसता पाहतच बसलो. इतक्याशा गोष्टीसाठी मी चारही नोझल उतरवाले निघालो होतो.

इथल्या वायरमनले बोलावलं, त्यानं जळका तुकडा कापून त्याच जाडीचा नवीन टाकला, कथलाचा डाग दिला, वरून स्लीव्ह तापवून बसवली अन् मंग कंगोऱ्याचा पाइप चढवला. वायर वरून नेऊन क्लिपमधे बसवली. साडेचारशे रुपये घेतले, त्यात वायर अन् पाइप आला.

वायरमन_अकोला

लय छान. आता दोन कामं करा. क्लिप जुनी आहे, उन्हानं तिचं प्लास्टिक कडक झालं असन, खड्ड्यात तुटन, म्हणून संगं एक झिप टाय लावा, पण आवळून लावू नका, इंजिन हलते तेवढी ढील वायरले पायजे. अन् कनेक्टर उघडून पिनायवर ऑइल उतरलं का पाहा, इंजिनचा मागचा सील गळत असला तं तिथं ऑइल जमते.

दूधगाडी_आर्वी

वायरमन दादा, माझं विचारू का? आम्ही पाण्याच्या टाइमात डिझेल ड्रममधे भरून ठेवतो, नाला भरला की पंपापर्यंत जाताच येत नाही. फिल्टरमधे दर वेळी पाणी निघते. याच्यानं पंप खराब होईल का?

घाटलाईन_परतवाडा

होते ताई, कॉमन रेलच्या पंपाले डिझेलचंच वंगण असते, पाणी गेलं तं तो घासते अन् गंजते. ड्रम अर्धा ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या हवेचं रात्री पाणी होते. शेडमधे ठेवा, थोडा तिरपा, अन् काढताना नळी तळाले नेऊ नका, खालचं चार बोटं डिझेल सोडून द्या. फिल्टरचं पाणी त्या दिवसांत आठवड्यातून एकदा काढत जा.

संत्रावाला_वरुड

झिप टाय लावली, ढील ठेवली. कनेक्टर कोरडा आहे. मेन सांगाचं म्हणजे तीन चकरा झाल्या, त्यातल्या दोन फुल लोडच्या, कालची तं भर दुपारी एक वाजता मुद्दाम काढली, कुठंच बंद नाई पडली. मिस्त्रीले जाऊन वायर दाखवली, तो काही बोलला नाई पण त्याच्या पोराले बोलावून त्यानं ते दाखवली.

उद्या पहाटे ४ ले निघतो, ५८ कॅरेट भरून झाले आहे. बाबा म्हणते मीबी येतो.