मदत हवी आहे: तिळारी खोऱ्यातली जुनी गोवा हद्द आणि पाट्ये–विर्डी पायवाट आजच्या नकाशावर कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

माझ्या आजीचं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं पाट्ये. आयनोडे, सरगवे, शिरंग्याबरोबर हे गावही तिळारीच्या धरणाखाली गेलं. आजी नव्वदीला टेकली आहे, पण माहेरची वाट तिला तोंडपाठ आहे. गावाबाहेरचा व्हाळ (ओढा), मग डोंगराची चढण, पलीकडे उतरलं की विर्डी आणि पुढे वाळवंटी नदीच्या कडेकडेने केरीवरून साखळीचा बाजार. विर्डी सावंतवाडी संस्थानात, केरी पोर्तुगिजांकडे. म्हणजे मीठ-मिरची आणायला माणसं चक्क दुसऱ्या देशात जात होती! १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि हे येणंजाणं अवघड झालं. आजी आहे तोवर ही वाट नीट नकाशावर उतरवून घ्यायची आहे, म्हणून थोडी घाई आहे.

माझ्याकडे दोन नकाशांचे स्कॅन आहेत. एक मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षणाचं जुनं शीट, एक इंच म्हणजे एक मैल. डोंगर बारीक रेघांनी छायांकित केलेत, वाट तुटक रेषेने दाखवली आहे. ती वाट हद्दीपर्यंत येते आणि तिथेच संपते. पलीकडच्या भागात तपशील अगदी विरळ आहे. दुसरा अमेरिकन सैन्याच्या यू-५०२ मालिकेतला, १:२,५०,००० प्रमाणाचा. हा मालिकेच्या संग्रहातून फुकट मिळाला, पण त्यात पायवाटा शोधणं व्यर्थ आहे.

अडचण अशी: जुन्या शीटच्या चौकटीवर छापलेले अक्षांश-रेखांश क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत भरले की उत्तर-दक्षिण जवळपास जुळतं, पण सगळा नकाशा पूर्वेला चारेक किलोमीटर सरकतो. घाटमाथ्याची कड भलतीकडेच पडते. स्कॅन वाकडा आहे म्हणावं, तर चारही कोपऱ्यांत फरक सारखाच येतो.

नकाशा हाताने ओढून बसवावा का? आणि १९६१ पूर्वीची हद्द आजच्या महाराष्ट्र–गोवा सीमेवरूनच जाते असं धरून चालेल का?

प्रतिसाद (सह्यवाटा)
ओढून बसवू नका, फरकाचं कारण ठरलेलं आहे. जुन्या शीटांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या त्या काळी मानलेल्या रेखांशावरून काढलेले असत. पुढे तो रेखांश सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त धरला गेल्याचं निश्चित झालं. आपल्याकडच्या अक्षांशावर तेवढा कोनाचा फरक म्हणजे ४ किलोमीटरहून थोडं जास्तच. समासात बारीक अक्षरांत दुरुस्तीची टीप असते का पाहा. चारही कोपऱ्यांच्या रेखांशातून तेवढं वजा करून पुन्हा बसवा.

तरीही शे-दीडशे मीटरचा फरक उरेल, कारण जुनं सर्वेक्षण एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती माप) आणि उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या मापावर. क्यूजीआयएसमध्ये कालियानपूरची, म्हणजे त्याच जुन्या मापावरची, निर्देशांक प्रणाली निवडलीत तर तोही बराचसा जाईल. मग पडताळा घ्यायचा तो डोंगराच्या सोंडांवर आणि नद्यांच्या संगमांवर. नदीचं पात्र नको, ते सरकतं. आणि धरणाच्या पाण्याची आजची कड तर मुळीच नको.

प्रतिसाद (कुळागर)
आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडचे. आमच्या घरातही साखळीच्या बाजाराच्या अशाच गोष्टी आहेत, त्यामुळे वाचून बरं वाटलं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचं ४८ आय/२ हे शीट मिळवा, विर्डी–केरीचा भाग त्यात येतो. पाट्ये वरच्या ४८ आय/१ च्या सांध्याजवळ पडेल, म्हणून दोन्ही हवीत. नवी १:५०,००० ची शीटं विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. तुम्हाला मात्र धरणाआधीची आवृत्ती हवी, तेव्हा कोपऱ्यातलं सर्वेक्षणाचं वर्ष आधी बघा, छपाईचं नव्हे. नुसतं छपाईचं वर्ष पाहिलं तर फसगत होते.

हद्दीबद्दल: डोंगराच्या माथ्यावरून जाते तिथे फारसा घोळ नसावा, पण व्हाळाला धरून जाते तिथे जुन्या नोंदी पाहिल्याशिवाय ठरवू नका. गाव नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतील. बुडालेल्या गावांसाठी धरणाच्या भूसंपादनाचे नकाशे मागा, त्यांत घरं, विहिरी आणि देवळंसुद्धा दाखवलेली असू शकतात. गोव्याच्या बाजूचे पोर्तुगीज काळातले कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत.

मूळ धागाकर्ती
सह्यवाटा, टीप सापडली! खालच्या समासात, घडीच्या डागाखाली. तेवढं वजा केल्यावर घाटमाथा बरोबर जागेवर आला. विर्डीची चढणही. तुटक रेषा आता जंगलातल्या एका खिंडीकडे जाते आहे, आणि आजी म्हणते खिंडीत तुळशीवृंदावनासारखा एक दगडी चौथरा होता.

कुळागर, भूसंपादनाच्या नकाशांसाठी उद्याच अर्ज करते. केरी किंवा विर्डीकडची कुणी जाणती माणसं इथे असतील तर एवढंच सांगा: त्या खिंडीला स्थानिक नाव काय आहे, आणि तो चौथरा अजून आहे का?