प्राचार्यांचा मेसेज नक्की कुणासाठी असतो?

रामबागकर
परवाची गोष्ट, आमच्या इंदूरची. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगा चौथीत, दुपारभर आजीजवळ असतो. आजीच्या फोनवर शाळेच्या ग्रुपचा मेसेज आला. प्राचार्यांच्या नावाने, इंग्रजीत, चांगला वीस ओळींचा. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिने नातवालाच वाचायला बसवलं. त्याने वाचलं, "बुधवारी पांढरे बूट घालायचे, डब्यात मॅगी आणायची नाही. संपलं." रात्री मी फोन हातात घेतला, तर शेवटच्या चार ओळी वेगळंच सांगत होत्या. ज्यांच्या गणिताच्या वह्या तीन आठवडे अपूर्ण आहेत, त्यांच्या पालकांनी शनिवारी येऊन भेटावं, खाली रोल नंबर. चिरंजीवांचा पहिलाच.

हसून झालं, पण राग काही गेला नाही. मेसेज मुलाबद्दल, पण मुलाशी बोलत नाही. जी बाई त्याला दुपारभर सांभाळते तिला तो वाचता येत नाही. मग लिहिलाय कुणाला? गेल्या सोमवारी मोजले, दिवसभरात सात आले. नखं कापा, बाटलीवर नाव घाला, सगळ्याची सुरुवात "डिअर पेरेंट्स, काइंडली एन्शुअर". शेवटचा पावणेदहाला, उद्या चार्ट पेपर पाठवा म्हणून. त्या वेळी वह्या-पुस्तकांचा खजुरी बाजार बंद. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गरम जिलबी मिळते, चार्ट पेपर नाही.

माझं मत सरळ आहे. प्राचार्यांनी मुलांशी प्रार्थनेच्या वेळी बोलावं. आम्हाला आठवड्यातून एकदा, हिंदीत, दहा ओळी पुरे.

स्नेहलतागंज
भाऊ, तुमच्याकडे आजी आहे, आमच्याकडे कुणी नाही. नवरा पीथमपूरला, तीन ते अकराची शिफ्ट. मी आठला घरी पोचते. मुलीच्या शाळेचं जे काही कळतं ते त्या मेसेजमधूनच. मागच्या पावसाळ्यात व्हॅन बंद पडली, फोन लागेना, माझे हातपाय गार. तेवढ्यात प्राचार्य मॅडमचा मेसेज, मुलं गेटच्या आत चौकीदाराजवळ बसली आहेत. तो हिंदीत होता की इंग्रजीत, आता आठवतही नाही. सात येऊ देत. मला सातही हवेत.

रामबागकर
व्हॅनचा हवाच, त्यावर कोण भांडतंय? मी नखांबद्दल बोलतोय. नखांचे सहा आले की व्हॅनचा सातवा कुणी उघडत नाही.

ऑफिसातली ताई
मी एका शाळेत हेच काम करते, मेसेज टाईप करण्याचं. आता आमचंही ऐका. जानेवारीत थंडी वाढली की कलेक्टरचा आदेश निघतो, नऊच्या आधी शाळा भरवू नका, नाहीतर लहान वर्गांना सुट्टी. तो निघतो संध्याकाळी, कधी त्याहून उशिरा. तेवढ्या वेळात कुणीतरी मागच्या वर्षीच्या आदेशावर नवी तारीख चिकटवून फिरवतं. आम्ही जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारून खात्री करतो, बसवाल्यांना, व्हॅनवाल्यांना फोन लावतो, मग मेसेज. दहा वाजतातच हो. आणि तोवर ग्रुपवर चाळीस जणांचं एकच, "मॅडम, कल छुट्टी है क्या?"

चार्ट पेपरचा मात्र बचाव करत नाही. तो विसराळूपणा आमचाच.

भाषेचं म्हणाल तर एक वर्ष आम्ही हिंदीत पाठवून पाहिलं. पालकच भांडायला आले. फी इंग्लिश मीडियमची घेता आणि नोटीस हिंदीत? त्यात आपली मराठी मंडळीही होती बरं का.

निवृत्त मास्तर
आमच्या वेळी सूचना फळ्यावर लिहायची, मुलांनी ती डायरीत उतरवायची, घरून सही आणायची. राहिलं तर बोलणी मूलच खायचं. आता सूचना मुलाच्या डोक्यावरून थेट बापाच्या खिशात जाते. शाळा आपली नाही, आईबाबांची आहे, असंच त्याला वाटणार. पांढरे बूट विसरला तर विसरू दे ना. एक दिवस काळ्या बुटात पीटी करेल.

तुकोगंजचा
मास्तर, जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे, पण बाबांची सही सातवीपासून मीच करायचो. बाबांपेक्षा बरी यायची. त्या डायरीने माझ्या घरी काहीएक कळवलं नाही.

निवृत्त मास्तर
तशा सह्या आम्हाला कळायच्या. कुणाच्या घरी पट्टा निघतो तेही ठाऊक असायचं, म्हणून कधीकधी गप्प बसायचो. ग्रुपवर रोल नंबर टाकणाऱ्याला असं गप्प बसता येत नाही.

भाच्याचा मामा
बूट-नखं राहू द्या. जो मेसेज यायला हवा तो येतच नाही, त्याचं काय? 2019 ला माझा भाचा एमपी बोर्डाच्या बारावीत दोन विषयांत राहिला. निकालाच्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर प्राचार्यांचा भलामोठा मेसेज, 90 टक्क्यांच्या वरच्या मुलांचे फोटो, पेढे, "वुई आर प्राउड". राहिलेल्यांसाठी एक ओळ नाही. आणि सांगण्यासारखं होतं की! राज्य मुक्त शाळेची (ओपन स्कूलची) "रुक जाना नहीं" योजना 2016 पासून होती. राहिलेल्या विषयांची परीक्षा लगेच पुन्हा देता यायची, वर्ष वाचायचं. आम्हाला हे कुणी सांगितलं? कोपऱ्यावरच्या एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या दुकानातल्या पोराने. माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, मार्कशीटची प्रिंट काढायला गेली होती, तिचा चेहरा बघून त्याने आपणहून विचारलं. तोवर भाचा दोन दिवस खोलीबाहेर आला नव्हता.

ऑफिसातली ताई
खोटं नाही बोलत, तो मेसेज आमच्याकडूनही जात नाही. मॅनेजमेंटला "नापास" हा शब्द ग्रुपवर नको असतो.

विजयनगरवाला
पण नावं टाकायला मात्र हात कचरत नाही. आमच्या इथल्या एका शाळेने थकलेल्या फीची यादीच ग्रुपवर टाकली, मुलांची नावं आणि वर्गासकट. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये त्या पोरीला सगळे "डिफॉल्टर" म्हणत होते, दुसरीतली पोर. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 17 वाचा. मारच नाही, मुलाला मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे. आणि फी वाढवायची असली की तेच लोक "नॉमिनल इन्क्रीज" लिहितात. कमी फीच्या शाळा सोडल्या, तर वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायला सरकारी समितीची परवानगी लागते, 2017 चा राज्याचा कायदा आहे. ते कधी वाचलंय मेसेजमध्ये?

तुकोगंजचा
यादी टाकणं चूकच. पण सहा-सहा महिने फी न भरता नवी गाडी घेणारे पालकही बघितलेत भिया. शाळेने पगार कुठून द्यायचे?

विजयनगरवाला
त्या बापाला फोन करायचा. पोरीला का मध्ये घ्यायचं?

रामबागकर
शनिवारी भेटून आलो. आजीचा किस्सा सांगितला तर प्राचार्य मॅडम खूप हसल्या. मग चिरंजीवांना वर्गातून बोलावून तोच मेसेज वाचायला लावला, शेवटच्या चार ओळींसकट, हिंदीत अर्थ सांगून. त्याचे कान लाल. रोल नंबर टाकायला नको होते, हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं. "घरी आजी-आजोबा असतात हे डोक्यात आलंच नाही, हिंदीत बोलून पाठवते," म्हणाल्या. सोमवारपासून रात्री आठला दीड मिनिटाची ऑडिओ क्लिप येते. आई ती दोनदा ऐकते, एकदा नातवाला समोर बसवून. इंग्रजी मेसेज चालूच आहेत, काल पाच होते.

स्नेहलतागंज
क्लिप मला कामावर ऐकता येत नाही. लिहिलेलं बंद करू नका म्हणावं.