कळवा ते घाटकोपर रोजची लोकल: पास, डबा, दार आणि पैशाचं गणित

कुर्डुवाडी_जंक्शन

भाचीला घाटकोपरला नोकरी लागलीय, राहायची सोय कळव्यात. ऑफिस साडेनऊचं, सुटायची वेळ सहा. लोकलची सवय शून्य. आपल्या सोलापुरात गर्दी म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतली, ती वर्षातून एकदा. पास कुठला काढावा, कळव्यात चढता येईल का, लेडीज डबा कितपत सुरक्षित? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडली, त्यानंतर दारांचं काही झालं का? आणि बहिणीचा प्रश्न: इतकी गर्दी असताना गाड्या का वाढवत नाहीत?

धीमी_लोकल

मामा, आधी चढण्याचं बघू. कळव्यात जलद गाडी थांबत नाही, आणि धीमी येते ती कल्याण-डोंबिवलीहून भरून. आठ ते साडेनऊच्या दरम्यान नवख्या माणसानं तिथं झटापट करूच नये. रिक्षानं किंवा बसनं ठाणे स्टेशन गाठायचं आणि ठाण्याहूनच सुटणारी धीमी पकडायची. कळवा-ठाण्यामधला पूल तुंबतो, म्हणून घरातून वीस मिनिटं जादा धरून निघा. पुढं मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि मग घाटकोपर. जलद गाडीनं थोडा वेळ वाचतो, पण ती ठाण्यात येतानाच ठासून भरलेली असते.

संध्याकाळी उलट. घाटकोपरला मेट्रोची गर्दी येऊन मिळते. कल्याण, बदलापूरच्या गाड्या सोडून द्यायच्या, ठाण्यालाच संपणारी धीमी घ्यायची. इंडिकेटरवर टी म्हणजे ठाणे, के कल्याण, एन कसारा, एस कर्जत. शेजारचं अक्षर वेगाचं: एफ जलद, एस धीमी. दोन्हीकडं एस येतो, नवीन माणूस हमखास इथंच फसतो.

पास कळवा–घाटकोपरच काढा, ठाण्यापासूनचा नको. एखाद्या दिवशी थेट कळव्याला उतरावं लागलं तर अडचण नको. तीन महिन्यांचा पास मासिकच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. म्हणजे तिमाहीतच दहा टक्के वाचतात, सहामाही-वार्षिकात टक्का तेवढाच राहतो. नोकरी पक्की होईपर्यंत तिमाही पुरे. मोबाईलवर काढला तर टीसीला ॲप उघडून दाखवायचा, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली की विनातिकीट धरतात: भाडं आणि वर किमान २५० रुपये. आणि एक, सीट मिळावी म्हणून काही जण उलट दिशेनं डोंबिवलीपर्यंत जाऊन त्याच गाडीत बसून येतात. या पासावर ते चालणार नाही, तोही विनातिकीट प्रवासच.

पंचनामा

लेडीज डबे दोन प्रकारचे असतात, काही चोवीस तास राखीव आणि काही ठरावीक वेळेतच. डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच चढायचं. रात्री ९ ते सकाळी ६ लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. उशीर झाला तर तो ज्या डब्यात दिसेल त्यातच बसावं. मदतीला १३९, रेल्वे पोलिसांना १५१२.

बॅग पाठीवर नाही, पोटावर. दारात उभं राहून फोन अजिबात नको. रुळालगत उभी राहून हातावर काठी मारणारी पोरं असतात, त्यांना ‘फटका गँग’ म्हणतात. फोन पडतो, आणि फोनला झेपावलेला माणूसही. उतरायचं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनलाच पुढच्या बाईला विचारायचं, ‘घाटकोपर?’ तिनं मान हलवली तर तिच्या मागं उभं राहायचं, नाही म्हणाली तर जागा बदलून घ्यायची. गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही.

दारांचं असं आहे. मुंब्र्याला वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दोन्हींच्या दारात माणसं लोंबकळत होती. साध्या लोकलला नुसती सरकती दारं बसवली तर आत हवा राहत नाही. म्हणून त्या अपघातानंतर रेल्वेनं नव्या बिगर-एसी गाडीचा आराखडा जाहीर केला: दाराला झडपा, छतावर हवा आत सोडणारी यंत्रणा, आणि डब्यातून डब्यात जायला वाट. ती गाडी भाचीच्या वाट्याला येईपर्यंत दारातला मधला खांब सोडून आत सरकायचं.

एक कडू पण कामाचं. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली गाडीतून पडून मृत्यू झाला तर ८ लाख भरपाई आहे, चूक कोणाची हे न बघता. मुख्य अट, प्रवासी वैध तिकिटावर हवा. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यानं दावा फेटाळता येत नाही. तरी पासाचा नंबर घरच्यांना पाठवून ठेवाच. मोबाईल फुटला की पासही गेला. दावा एका वर्षात. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली तर मात्र यात काही मिळत नाही, आणि लोकलच्या मार्गावर साधारण निम्मे मृत्यू त्यातच होतात.

कुर्डुवाडी_जंक्शन

लई उपकार. आता बहिणीच्या प्रश्नाचं बघा की ओ.

अधिभार

तिकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असायचं, रेल्वे सरासरी प्रवासखर्चाच्या फक्त ५७ टक्के वसूल करते. लोकलच्या पासात तर त्याहून कमी निघतात. त्यामुळं नव्या मार्गिका तिकिटाच्या पैशातून होत नाहीत. त्यासाठी १९९९ मध्ये एमआरव्हीसी ही मुंबईतले रेल्वे प्रकल्प करणारी कंपनी निघाली, ५१ टक्के रेल्वेची, ४९ राज्याची. एमयूटीपी, म्हणजे मुंबईची लोकल सुधारायची टप्प्याटप्प्याची योजना, तिच्या प्रकल्पांचा खर्च दोघं निम्मा-निम्मा उचलतात, पहिल्या दोन टप्प्यांना जागतिक बँकेचं कर्ज होतं. भाचीच्या पासातही त्या नावाचा अधिभार जातो.

मंजुरीला तोटा नाही. तिसरा टप्पा २०१६ ला १०,९४७ कोटींचा, ३अ २०१९ ला ३३,६९० कोटींचा. अडतं जागेवर. कळव्याचंच घ्या: ऐरोली–कळवा उन्नत मार्गातलं दिघा स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, पण पुढचा मार्ग घरांच्या पुनर्वसनापाशी थांबला. तो झाला तर कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्यात गाडी बदलावी लागणार नाही, आणि ठाणे मोकळं होईल.

दुसरं, रूळ. कुर्ला ते कल्याण पाचवी-सहावी मार्गिका आहे, तिचा ठाणे–दिवा तुकडा फेब्रुवारी २०२२ ला जोडला. कुर्ल्याच्या पुढं सीएसएमटीपर्यंत ती नाही. म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि वंदे भारत तिथं लोकलच्याच जलद रुळावर चढतात. जागा आपणही खातोय, हे सोलापूरकरानं मान्य करावं. दोन लोकलमधलं अंतर तीन मिनिटांवरून खाली आणायला नवी सिग्नल यंत्रणा लागते, ती ३अ मध्ये धरलीय. बाराची पंधरा डब्यांची केली तर एका गाडीत पाव भाग जादा माणसं मावतात, पण धीम्या मार्गावर एकेक फलाट लांबवावा लागतो.

धीमी_लोकल

पहिल्या दिवसाचं राहिलं. सिद्धेश्वरनं दादरपर्यंत जायचं नाही, ठाण्यालाच उतरायचं. सकाळी ठाण्याहून कळव्याकडं जाणारी धीमी गर्दीच्या उलट दिशेला असते, बॅगा घेऊन बसायला जागा मिळते. रविवारी घर बघायला जाणार असाल तर मेगाब्लॉक आधी तपासा. साधारण ११ ते ४ एक मार्ग बंद असतो.