पहिल्यांदाच क्रूझला जातोय: तयारी काय करू आणि तिथे वागायचं कसं?

आळशी_कासव

नमस्कार मंडळी,

नवऱ्याने एकदाचं मनावर घेतलं आणि सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग झालं. आम्ही दोघं, सासूबाई (वय ७१, गुडघ्यांचा त्रास) आणि लेक (वय ९, एका जागी न बसण्याचा त्रास). घरात आजवर कुणी जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही. कंपनीच्या साइटवर सगळं गोडगोडच लिहिलंय, म्हणून जाऊन आलेल्यांना विचारते:

१. केबिन अजून निवडायची आहे. कुठली घ्यावी? बाल्कनी हवीच का?
२. बोट लागली तर काय करायचं?
३. बंदरावर उतरून फिरायचं ते जहाजाच्या सहलीतून की आपलं आपण?
४. वागण्याबोलण्याचे काही अलिखित नियम असतात का? चारचौघांत हसं व्हायला नको.

दर्यावर्दी

कासवताई, आधी केबिनचं बघा. बाकी सगळं तिथे गेल्यावर निस्तरता येतं, केबिन बदलून मिळणं कठीण.

जहाज हलतं तेव्हा सगळ्यात कमी जाणवतं ते मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर. वरचा डेक आणि पुढचं-मागचं टोक सगळ्यात जास्त हलतं. तुमच्याबरोबर सासूबाई आहेत, तेव्हा मधलीच केबिन घ्या, लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून. लिफ्टला अगदी खेटून नको. रात्री दोनला शो संपवून गप्पा हाणत येणारे लोक तिथेच उभे असतात. आणि लांब तर मुळीच नको. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' ३६५ मीटर लांब आहे. तुमचं जहाज एवढं नसेल, पण मागच्या टोकाच्या केबिनमधून पुढच्या टोकाच्या थिएटरला दिवसातून दोन फेऱ्या झाल्या की गुडघे बोलायला लागतात.

दुसरं म्हणजे डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडून आपल्या केबिनच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघा. हे कुणी बघतच नाही. वर पूल डेक असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट, खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढुमढुम. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. दोन खोल्यांना जोडणारं दार असलेली केबिन टाळा, शेजाऱ्यांच्या घोरण्यासकट सगळं ऐकू येतं.

बोट लागण्याबद्दल: मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर असतात. त्याने डावी-उजवीकडे डोलणं बरंच कमी होतं, पण समोरून लाट आली की नाक वर-खाली होतं ते काही थांबत नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटच्या गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या. एकदा पोट ढवळायला लागलं की गोळी पोटात टिकेल याचा भरवसा नाही. झोप येते त्यांनी. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टीही मिळते, पण काही प्रकारच्या काचबिंदूत ती चालत नाही. सासूबाईंचं वय आणि चालू औषधं बघता निघण्याआधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. बाकी केबिनमध्ये पुस्तकात डोकं घालून बसण्यापेक्षा मोकळ्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं.

बाल्कनीबद्दल माझं मत: परवडत असेल तर घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाहेरची हवा खायला मजले चढावे लागत नाहीत.

भटकी_माऊ

केबिनचं वरती आलंच आहे. मी पहिल्या दिवसाबद्दल लिहिते, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. विमान त्याच दिवशीचं काढू नका. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

मोठ्या बॅगा बंदरावरच हमालाच्या ताब्यात द्यायच्या असतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी रात्र होते. त्यामुळे पासपोर्ट, औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि लेकीचा पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत. पहिल्या दुपारी स्विमिंग पूल जवळजवळ रिकामा असतो. ज्यांचे पोशाख बॅगेत अडकलेत ते काठावर बसून बघत असतात!

शेवटच्या रात्री याच्या उलट. बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि रात्रीतून त्या नेतात. सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाजूला काढून मगच बॅग बंद करा. नाइट ड्रेस आणि सपातांत उतरणारा एक तरी बहाद्दर दरवेळी दिसतोच. सामान स्वतः ओढत उतरायचीही सोय असते, पण सासूबाई बरोबर असताना त्या भानगडीत पडू नका.

बॅगेत काय नको: इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्त्या, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. आगीच्या भीतीने हे सगळं काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. काय हवं: लोहचुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात. टोप्या, पिशव्या, ओले पोशाख सगळं लटकवता येतं.

व्हिसा नीट तपासा. जहाज एका देशातून निघून दुसरीकडे जाऊन परत त्याच देशात येणार असेल तर मल्टिपल एन्ट्री लागते.

निवांत

माऊ +१. फक्त सेफ्टी ड्रिल (संकटात काय करायचं याचा सराव) राहिलं.

ते टाळायला बघू नका. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे २४ तासांत केलं तरी चालायचं. २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल व्हावंच लागतं. जहाजावर मिळणाऱ्या तुमच्या कार्डावर मस्टर स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा, क्रमांक असतो. तिथे चालत जाऊन या आणि लेकीलाही रस्ता दाखवा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा इशारा तिच्याकडून पाठ करून घ्या. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. सासूबाईंना जिने उतरणं जमत नसेल तर तसं आधीच कळवून ठेवा. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते, मदतीला कोण येणार हे जहाजाच्या कर्मचाऱ्यांनाही ठरवावं लागतं.

खलाशी_नं_१

बंदरावर आपलं आपण फिरा हो. जहाजाच्या सहली महाग, एका बसमध्ये चाळीस माणसं, आणि निम्मा वेळ कुणीतरी स्वच्छतागृहातून परत यायची वाट बघण्यात जातो. चौघांनी मिळून टॅक्सी केली की हवं तिथे थांबता येतं.

दर्यावर्दी

खलाशीराव, तुमचं बरोबर, पण पहिल्याच खेपेला हा सल्ला सरसकट देऊ नका. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, नाहीतर कंपनी पुढच्या बंदरावर पोचवायची सोय करते. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर पुढचं तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळं तुमच्या गळ्यात. सगळे परतायची वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते, ती सुटायची वेळ नव्हे.

आणि घड्याळ! जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ एकच असेल असं नाही. किनाऱ्यावरचं नेटवर्क मिळालं की मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि माणूस बिनधास्त राहतो. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा आणि त्याला हात लावू नका.

खलाशी_नं_१

मान्य. मग असं करा: बंदर दूर असेल, रस्ते घाटाचे असतील किंवा छोट्या होडीतून किनाऱ्यावर न्यायचे असतील तर जहाजाची सहल. गाव धक्क्याला लागूनच असेल तर आपले पाय. होडीत चढता-उतरताना पायरी हलत असते. सासूबाईंना त्या दिवशी जहाजावरच थांबवलं तर वाईट वाटून घेऊ नका. सगळे उतरल्यावर जहाज जितकं शांत असतं तितकं पुन्हा कधी नसतं, मला तर तेच आवडतं.

आळशी_कासव

बापरे, केवढी माहिती! मनापासून आभार. घड्याळाचं लिहून घेतलं, नवरा मोबाइलशिवाय वेळ बघत नाही. पण चौथा प्रश्न सगळ्यांनी टाळलेला दिसतोय :)

कोलंबसची_मावशी

टाळला नाही, माझी वाट बघत होते.

पहिला वाद खुर्च्यांचा. सकाळी सहाला उठायचं, पूलच्या काठच्या चार खुर्च्यांवर टॉवेल, चपला, एखादं पुस्तक टाकायचं आणि नाश्ता करून, झोप काढून अकराला यायचं. असं करणारे प्रत्येक जहाजावर असतात आणि सगळे त्यांना मनातल्या मनात शिव्या देतात. बऱ्याच जहाजांवर ठरावीक वेळ खुर्ची रिकामी दिसली की कर्मचारी सामान उचलतात. स्वतः कुणाचं सामान हलवू नका, कर्मचाऱ्याला सांगा. नाहीतर सुट्टीत भांडण विकत घ्याल.

दुसरं, हात धुणं. जहाजावर पोटाचे आजार पसरतात ते बहुतेक वेळा नोरोव्हायरसने. सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद. बुफेच्या दाराशी बेसिन असतं त्याला वळसा घालून जाऊ नका. चिमट्यानेच वाढून घ्या, वापरलेली ताटली घेऊन परत जाऊ नका, आणि लेकीला एकटीला बुफेवर सोडू नका. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, दवाखान्याला कळवा. एक-दोन दिवस केबिनमध्ये बसवून ठेवतील, कंटाळा येईल, पण शेकडो लोकांचं पोट वाचेल.

तिसरं म्हणजे बाल्कनी. शेजारची बाल्कनी आणि तुमची यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. स्पीकरवर फोन, मोठ्याने गाणी, सगळं पलीकडे ऐकू जातं. कठड्यावर कपडे वाळत घालू नका आणि खाली काहीही टाकू नका, सिगारेटचं थोटूक तर नाहीच. मार्च २००६ मध्ये स्टार प्रिन्सेसला आग लागली, एक प्रवासी दगावला. तपासात बाल्कनीत पडलेलं थोटूक हेच बहुधा कारण असावं असं निघालं. अजून एक, बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडलं की वारा असा घुसतो की दार तोफेसारखं आदळतं. लहान मुलांची बोटं सांभाळा. आधी एक बंद, मग दुसरं उघडायचं, हे लेकीला पहिल्याच दिवशी सांगा.

निवांत

मावशींनी शौचालय सोडलं, ते मी सांगतो. तिथे व्हॅक्यूमने ओढून घेणारी यंत्रणा असते. टॉयलेट पेपरशिवाय काही टाकायचं नाही, ओले टिश्यूसुद्धा नाही. एका खोलीत तुंबलं की त्या रांगेतल्या सगळ्यांचं तुंबतं. आणि झाकण बंद करून मगच बटण दाबा, आवाजाने लहान मूल घाबरतं.

लिफ्टबद्दल: आतले आधी बाहेर येऊ द्यायचे, मग शिरायचं. धडधाकट माणसाने एका मजल्यासाठी लिफ्ट अडवू नये. व्हीलचेअरवाले दोन-दोन लिफ्ट भरून गेलेल्या बघत थांबलेले असतात.

भटकी_माऊ

टिपचं कुणी बोललं नाही. बहुतेक कंपन्या दररोज माणशी ठरावीक रक्कम खात्यात आपोआप लावतात. बुकिंगच्या वेळीच हिशेबात धरा, शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला लावणारे बघवत नाहीत. तुमची खोली आवरणारा महिनोन् महिने सुट्टीशिवाय राबत असतो. आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशांच्या कामाची मर्यादाच आठवड्याला ७२ तासांपर्यंत जाते. त्याचं नाव लक्षात ठेवा, हाक मारताना वापरा आणि शेवटी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये नावानिशी चांगलं लिहा. त्याचा त्यांना खरोखर उपयोग होतो.

आणि मोबाइल पहिल्या भोंग्याबरोबर एअरप्लेन मोडवर. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं, त्याचं रोमिंग बिल बघून बोट न लागलेल्यालाही चक्कर येते. वाय-फाय वेगळं विकत मिळतं.

आळशी_कासव

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: जेवायला रोज नटूनथटून जायचं का? आणि औषधांसाठी फ्रिज मिळेल का?

कोलंबसची_मावशी

रोज नाही. एक-दोन संध्याकाळी नीटनेटके कपडे अपेक्षित असतात, तेही मुख्य जेवणघरात. बुफेला कुणी विचारत नाही. त्यांचं काही पथ्य किंवा अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगमध्ये आधीच नोंदवा आणि पहिल्या रात्री वाढणाऱ्यालाही सांगा.

फ्रिजचं म्हणाल तर केबिनमधला मिनीबार बऱ्याचदा पुरेसा गार नसतो. इन्सुलिनसारखं काही असेल तर कंपनीला आधी कळवा, औषधाचा वेगळा फ्रिज देतात. आणि प्रवास विमा काढताना आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे ना ते वाचा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आपल्यालाच भरावं लागतं, घरचा आरोग्य विमा तिथे बहुधा चालत नाही. त्यांचे आधीचे आजार फॉर्मवर लपवू नका, दावा त्यावरच अडकतो.

आळशी_कासव

त्यांना इन्सुलिनच आहे! बरं झालं विचारलं. उद्याच मेल टाकते. केबिन मधली, डेक सहा, वर-खाली केबिनच आहेत, आत्ताच नक्की केली. बाल्कनीसकट.