टॅक्टिकल टॉर्च आलीय, परत द्यायला ७ दिवस आहेत. घरी काय काय तपासू?

मुलुंडचा_जिना

ऑनलाइन मागवलेली रिचार्जेबल टॉर्च काल हातात पडली. डब्यावरचे दावे: १५०० ल्युमेन (एकूण उजेड), थ्रो (झोताची पोहोच) २४० मीटर, हाय मोडवर साडेतीन तास, २१७०० मापाचा सेल ५००० एमएएच, आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचाव), टाइप-सी चार्जिंग. बटण एकच, बाजूला, आत बारीक हिरवा दिवा. मागच्या टोपीत चुंबक.

वापर दोन प्रकारचा. रोज बॅगेत राहील: जिन्यातले दिवे गेले, मीटरबॉक्स उघडायचाय, पावसात तुंबलेल्या रस्त्यातून घर गाठायचंय. आणि पावसाळ्यात राजमाची, कळसूबाई असे रात्रीचे ट्रेक. घरात मल्टिमीटर आहे, लक्समीटर (एखाद्या जागी पडणारा उजेड मोजणारा) नाही. काय, कसं आणि कुठल्या क्रमाने तपासू? पाण्यात बुडवायची हिंमत होत नाही.

पक्कड_पाना

पाणी सगळ्यात शेवटी. आधी कागदावरचा हिशेब करा, त्याला खर्च नाही.

५००० एमएएच गुणिले सरासरी ३.६ व्होल्ट म्हणजे १८ वॉट-तास. चांगला एलईडी आणि सर्किट धरून एका वॉटला साधारण १०० ल्युमेन मिळतात. म्हणजे सेलमध्ये एकूण ऐवज १८०० ल्युमेन-तासांचा. डबा म्हणतोय १५०० ल्युमेन साडेतीन तास, म्हणजे ५२५०. जवळपास तिप्पट. अख्खा वेळ १५०० मिळणं शक्यच नाही.

तरी डबा खोटं बोलतोय असं लगेच म्हणू नका. टॉर्च मोजायचं एफएल१ नावाचं मानक आहे. त्यात ल्युमेन मोजतात चालू केल्यापासून ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान, आणि रनटाइम धरतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. टॉर्च तापली की सर्किट स्वतःच उजेड उतरवतं. दोन-तीन मिनिटं १५००, मग ४००-५०० वर तीनेक तास, शेवटी १५०, असं झालं तरी मानकाच्या भाषेत 'साडेतीन तास' बरोबरच. म्हणून तुम्हाला हवा तो आकडा आहे दहाव्या मिनिटाचा. तो डब्यावर नसतो, तो घरी काढायचा.

बाथरूमसारखी छोटी खोली, पांढरं छत, खिडकी झाकलेली, दिवे बंद. सेल पूर्ण चार्ज. टॉर्च उभी ठेवून झोत छताकडे. फोनवर लक्स मोजणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि फोन टॉर्चपासून दोनेक फुटांवर पालथा न ठेवता, स्क्रीन वर करून ठेवा. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. आता कशालाही हात लावायचा नाही. आकडे लिहा: ३० सेकंद, १, २, ३, ५, १० मिनिटं, मग दर अर्ध्या तासाने. फोनचा लक्स खरा नसतो, पण तोच फोन त्याच जागी असेल तर दोन आकड्यांचं गुणोत्तर पुष्कळ विश्वासाचं. ३० सेकंदांना १२० आणि दहाव्या मिनिटाला ४२ आले, तर उरले ३५ टक्के.

एक खबरदारी. उभी ठेवलेली टॉर्च हातातल्यापेक्षा जास्त तापते, कारण हात उष्णता ओढून घेतो. पंख्याखाली पुन्हा एकदा दहा मिनिटं चालवा. ट्रेकवरच्या वाऱ्याच्या जवळ जाणारा आकडा तो. आणि धरवत नाही इतकी तापूनही उजेड उतरलाच नाही, तर ती ताकद नव्हे, तापमानाचं नियंत्रणच नाही. अशी टॉर्च परत.

बत्तीगुल

एवढा खटाटोप कशाला? ९ वॉटचा एलईडी बल्ब ८००-९०० ल्युमेनचा असतो. तो लावून फोनचा आकडा बघा, मग टॉर्चचा बघा, झालं.

पक्कड_पाना

@बत्तीगुल, बल्ब चहूबाजूंना फेकतो, टॉर्च सगळा उजेड छतावर मारते. फोनपर्यंत पोहोचणारा वाटा दोघांचा वेगळा. दुप्पट-तिप्पट फेकाफेक पकडायला ठीक, त्यापुढे नाही. ज्ञात ल्युमेनची दुसरी टॉर्च उसनी मिळाली तर तिच्याशी ताडून बघा.

थ्रोचं राहिलं. २४० मीटर म्हणजे तिथे प्रकाश पाव लक्स उरतो, पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथला माणूस ओळखू येईल असा त्याचा अर्थ नाही. कॅन्डेला म्हणजे झोताची तीव्रता. सूत्र: कॅन्डेला = लक्स × अंतराचा वर्ग; थ्रो = कॅन्डेलाच्या वर्गमुळाची दुप्पट. उलटं गेलं तर २४० मीटरला १४,४०० कॅन्डेला लागतात, म्हणजे ५ मीटरवर झोताच्या मधोमध ५७६ लक्स. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये टेपने ५ मीटर मोजा, रात्री, पॅसेजचा दिवा बंद करून. एक-दीड मीटरवर मोजून गुणाकार करू नका. झोत तिथे अजून बांधला गेलेला नसतो.

सेल_सांभाळ

गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून मी आतल्या नळकांड्याला सेल म्हणतो. फसवणूक जास्त तिथेच होते.

सेल काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. २१७०० म्हणजे २१ मिमी व्यास, ७० मिमी लांबी, वजन ७० ग्रॅमच्या आसपास. ४५-५० ग्रॅम भरला आणि भोवती प्लास्टिकची नळी असली, तर आत १८६५० (१८ मिमी व्यासाचा, छोटा सेल) घातलाय. त्या मापात ३५०० च्या आसपास मजल संपते. ९९०० लिहिलेला १८६५० म्हणजे निव्वळ छपाई.

मग यूएसबी मीटर. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल, वॉट-तास दाखवणारा घ्या. टॉर्च स्वतःहून बंद होईपर्यंत चालवा, सेल थंड होऊ द्या, मीटर मध्ये घालून चार्ज करा. खऱ्या ५००० च्या सेलला चार्जिंगमधली गळती धरून २० ते २४ वॉट-तास आत गेले पाहिजेत. १३ वर थांबलं तर सेल ३००० च्या आसपासचा. एमएएचचा आकडा इथे बघू नका: मीटर ५ व्होल्टला मोजतो, सेल ३.६ ला भरतो, आणि चार्जिंगचं सर्किट कुठल्या जातीचं यावर तो बदलतो.

चार्ज संपल्यावर तासाभराने सेलचा व्होल्टेज: ४.१५ ते ४.२० उत्तम. ४.२५ च्या वर गेला तर ती टॉर्च चार्जिंगला लावूच नका. टॉर्च बंद पडली तेव्हा २.५ च्या खाली उतरला होता, तर खालचं संरक्षण नाही. पहिलं चार्जिंग जागेपणी आणि लादीवर, गादीवर नाही.

बाजूचं बटण इलेक्ट्रॉनिक असतं, म्हणजे बंद असतानाही टॉर्च थोडा करंट पिते. मागची टोपी काढा, मल्टिमीटर एमए रेंजवर, एक टोक सेलच्या ऋण बाजूला, दुसरं नळीच्या उघड्या धातूच्या कडेला. चुकूनही बटण दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ०.१ एमए आला तर महिन्याला ७२ एमएएच, सोडून द्या. २ एमए म्हणजे दिवसाला ४८: बॅगेत पडून तीन-साडेतीन महिन्यांत सेल रिकामा, आणि नेमके दिवे गेले की कळणार.

मुलुंडचा_जिना

सेल ६९ ग्रॅम, हायसं वाटलं. एक भानगड मात्र आहे. फोनच्या चार्जरने, दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही. जुन्या चार्जरने, चपट्या टोकाच्या केबलने होतं. पोर्ट खराब?

सेल_सांभाळ

पोर्ट धडधाकट आहे, काटकसर केलीय. टाइप-सी चार्जर समोर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर सापडल्याशिवाय वीज सोडतच नाही. टॉर्चमध्ये असे दोन लागतात, किंमत पैशांत, आणि तरी ते गाळतात. जुना चपटा पोर्ट काही न विचारता ५ व्होल्ट देतो म्हणून तिथे चालतं. ट्रेकला पॉवरबँक नेणार असाल तर तिला चपटा पोर्ट आहे ना, बघून ठेवा.

दाट_धुकं

आता पाणी. आयपी६८ मधला ६ धुळीचा, ८ पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते. माहितीपत्रकात तो आकडा नसेल तर ८ ला ७ समजा.

सेल बाहेर काढा. नळीत कोरड्या टिश्यूची घडी, दुसरी टोपीत. ओ-रिंग (टोपीच्या सांध्यातलं रबरी कडं) चिरलेली नाही, पिळलेली नाही हे नखाने फिरवून बघा. कोरडी असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. व्हॅसलिन नको, काही रबरं त्याने फुगतात. टोपी घट्ट, चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण चारही कोपऱ्यांनी दाबून. पाणी भरायच्या निळ्या २०० लिटरच्या पिंपाच्या तळाशी अर्धा तास. पहिल्या मिनिटात बुडबुडे कुठून येतात ते बघा: अंगावरच्या खाचांमध्ये अडकलेली हवा एकदाच सुटते, गळती असेल तर एकाच जागेवरून माळ लागते. बाहेर काढून पुसा, मगच उघडा. टिश्यू ओला तर टोपी दोषी. काचेच्या आतून दव दिसलं तर पुढची सील.

ही झाली थंड टॉर्चची परीक्षा. ट्रेकवर फसते ती वेगळ्या कारणाने: दहा मिनिटं हायवर तापलेली टॉर्च सरीत भिजली की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. म्हणून घाटात मुसळधार असेल तेव्हा मिडियमवर राहा. पोर्ट ओला असताना चार्जिंग नाही. रात्रभर पंख्याखाली ठेवा.

धुक्यात १५०० ल्युमेन म्हणजे तोंडासमोर पांढरी चादर. टॉर्च डोळ्यांपासून लांब, कमरेच्या खाली धरा, १५०-२०० ल्युमेन पुरे. त्या उजेडावर हा सेल ८-१० तास जातो. मुक्कामाच्या ट्रेकला हेडलॅम्प वेगळा घ्याच, चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. टोपीतलं चुंबक फोनच्या होकायंत्राला फिरवतं, दोघांना एका खिशात ठेवू नका. आणि मेअखेरीला राजमाचीत काजवे बघायला जाल तेव्हा टॉर्च बंदच.

मुलुंडचा_जिना

आकडे असे आले. उभी, पंख्याशिवाय: ३० सेकंद ११८, दहाव्या मिनिटाला ४१. पंख्याखाली ५५. पाच मीटरवर ३९० लक्स. चार्जिंगला २१ वॉट-तास. बंद असताना २.१ एमए. टिश्यू कोरडे. ठेवू की परत करू?

पक्कड_पाना

३९० लक्स म्हणजे ९७५० कॅन्डेला, थ्रो १९७ मीटर. फोनच्या सेन्सरची चूक धरली तर यावरून भांडता येणार नाही. दहाव्या मिनिटाला ३५ टक्के, म्हणजे डब्यावरचे १५०० खरे धरले तर ५२० च्या घरात. या आकाराच्या टॉर्चला चांगलेच. ती टॅक्टिकल नाही हे सोडा: खरी असेल तिला मागे बटण असतं, अर्धं दाबलं की तेवढ्यापुरती लागते. इथे टॅक्टिकल म्हणजे काळा रंग आणि दातेरी तोंड.

मी असतो तर ठेवली असती. २.१ एमए जास्त आहे, पण बॅगेत टाकताना मागची टोपी पाव आटा सैल करा. आट्यांवर काळा अ‍ॅनोडाइज्ड (वीज न जाऊ देणारा) थर असेल तर सर्किट तुटतं, पिणं शून्यावर येतं, शिवाय बॅगेत चुकून चालू होऊन रुमाल भाजत नाही. आटे चांदीसारखे उघडे असतील तर ही युक्ती चालणार नाही. मग परत करा.

मुलुंडचा_जिना

आटे काळे आहेत. पाव आट्याने नाही, अर्ध्याने बंद होते.

सेल_सांभाळ

अर्धा चालेल, पण मग ओ-रिंग बाहेर डोकावत नाही ना बघा. डोकावत असेल तर पावसात टोपी घट्टच ठेवायची.